दगडाची बाजू

ही हकीकत सांगायचं मी वर्षानुवर्षे टाळत आलो. कुणी विषय काढला की मी चहा मागवायचो, नाहीतर गुडघ्याची तक्रार सुरू करायचो. गुडघा खरंच दुखतो, त्यामुळे कुणाला कधी संशय आला नाही.

मागच्या महिन्यात सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात आम्ही कॉलेजातली निवृत्त मंडळी जमलो होतो. एकाचा जावई सोबत आला होता. त्याला गंमत म्हणून कुणीतरी सांगितलं, "आमच्या वर्कशॉपला एक मास्तर होता. दगडानं लोखंड कापायचा. कापता कापता स्वतःचाच डोळा फोडून घेतला बघा." जावई हसला. बाकीचेही हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन जेवलो नाही.

त्या सांगण्यात दोन चुका होत्या. मास्तरांनी दगडाने लोखंड कधीच कापलं नाही. ते ॲल्युमिनियम कापायचे, पितळ कापायचे, आणि लोखंडाच्या नादाला लागायचं नाही हा त्यांचा नियम होता. दुसरी चूक म्हणजे, त्यांचा डोळा दगडामुळे गेला नाही, माझ्यामुळे गेला. हे मला माहीत होतं. मास्तरांना नव्हतं. ते दगडाला दोष देत जगले आणि तसेच गेले, आणि डोळ्यापेक्षा मला हे जड जातं.

सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी वर्कशॉपचा प्रमुख होतो. मास्तर माझ्या हाताखाली लेथ शिकवायचे. लेथ म्हणजे धातूचा दांडा गरगर फिरवायचा आणि त्याला टूल टेकवून हवा तसा सोलून काढायचा, ते यंत्र. मास्तर मैंदर्गीचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्हींची मिसळ. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असायचे, ते अकरा वाजेपर्यंत घामाने भुवयांत उतरायचे. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती. कामाला लागण्याआधी ती शर्टाच्या आत घालून वरून फडक्याने छातीला बांधून टाकायचे, कारण लेथवर काहीही लोंबता कामा नये. एकदा प्राचार्य टाय घालून मशीनजवळ वाकले, तर मास्तरांनी सरळ बटण दाबून लेथ बंद केला.

"टाय काढा, न्हायतर लांब हुबं ऱ्हावा."

"अहो मास्तर, मी प्राचार्य आहे."

"ते मला ठावं हाय सर. मशीनला ठावं न्हाय की."

गॉगलचंही तसंच. कॉलेजचे गॉगल पोरं पायाखाली तुडवायची, म्हणून मास्तरांनी स्वतःचा एक विकत घेतला होता. त्याची दांडी तुटल्यावर तिथे बुटाची नाडी बांधली होती. तो गॉगल त्यांनी कुणाला दिलेला मी पाहिला नाही. एका दिवसाचा अपवाद सोडून.

धातू कापायला आम्ही सगळे कार्बाइडच्या टिपा वापरतो. बोटाच्या पेराएवढा तीनकोनी, नाहीतर चौकोनी तुकडा असतो. झिजला की दुसरा लावायचा. झिजलेल्या टिपा मास्तर फेकू द्यायचे नाहीत. शेवेच्या मोठ्या डब्यात साठवायचे. डबा भरला की दुसरा. स्टोअरच्या फळीवर असे चार डबे होते आणि ते उचलताना माणूस वाकायचा.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, भंगारात द्या की हे."

"भंगारवाला ह्यांना लोखंडात मिसळतो. ह्यात टंगस्टन हाय सर, कोबाल्ट हाय. कुटले कुटले डोंगर फोडून आणल्यालं. कोबाल्टच्या खाणीत बारकी बारकी लेकरं उतरत्यात म्हनं, मी मोबाइलवर बघितलो. आन हितं आपला पोरगा पैल्या कटालाच टीप मोडतो आन दात काडतो." मग डब्याचं झाकण दाबून बसवत म्हणाले, "शिकनाऱ्याच्या हाताला दुसरं कायतरी पायजे. मोडलं तर कुनाचं काय जाऊ नये असं."

ते दुसरं काहीतरी त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरात सापडलं. शेतातून वेचून आणलेली एक गारगोटी चुलीजवळ पडली होती आणि बायको ॲल्युमिनियमचं पातेलं ओढताना ते तिच्यावरून घासलं. पातेल्याला ओरखडा पडला. बायकोने कपाळावर हात मारला. मास्तर पातेलं घेऊन अंगणात उन्हात गेले आणि अर्धा तास तो ओरखडा बघत बसले. "सर, खरवडल्यालं नव्हतं वो ते. कापल्यालं होतं. आतनं चकचकीत," असं मला दुसऱ्या दिवशी सांगताना त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. तेव्हा दोन्ही डोळे होते.

मग पोती यायला लागली. दर सोमवारी मैंदर्गीहून येणाऱ्या एसटीतून मास्तर उतरायचे आणि त्यांच्या मागे पोतं. कंडक्टरने एकदा विचारलंच, "मास्तर, दर हप्त्याला दगडं नेताय. घर बांधताय का काय सोलापुरात?"

"न्हाय हो. कालिजात शिकवतोय."

"कुनाला? दगडाला?"

हे मास्तर आम्हाला स्वतःच सांगायचे आणि सगळ्यांत जास्त हसायचे. वर्कशॉपमध्ये त्यांचं नाव गारगोटी मास्तर पडलं. त्याचंही त्यांना काही नव्हतं. "तुमी दगडाला शेंदूर लावता. आमी गळ्यात बांधतो. मी लेथला लावलो तर कुनाचं काय बिगडलं?"

दगड निवडायची त्यांची रीत बघणाऱ्याला वेडेपणाच वाटावी. आधी दगड जिभेला लावायचे. चाटून ओला केला की आतले बारीक तडे दिसतात, असं त्यांचं म्हणणं. मग एका दगडाने दुसऱ्यावर हलकेच ठोकून कानाशी धरायचे. टणकन वाजला तर "हा बोलका." भद्द वाजला तर "मुका" म्हणून खिडकीबाहेर. बोलके दगड सोलापुरातल्या एका फरशीवाल्याकडून पाटीसारखे कापून आणायचे आणि सुट्टीनंतर बसून चाकावर घासायचे. धार लावली की तिची टोकदार कड मुद्दाम किंचित मोडून टाकायचे. "लई तीक्ष्ण केलं की दगूड घाबरतो." टूल पकडायच्या खोबणीत दगडाखाली तांब्याच्या पत्र्याची घडी घालायचे, म्हणजे त्याला हादरा बसू नये. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर प्रत्येक दगडाची नोंद असायची. दगडांना नंबर नव्हते. ओढ्यातला, विहिरीचा, सिद्रामच्या बांधावरचा, अशी नावं होती. पुढे किती कट झाले आणि कधी झिजला.

पहिल्यांदा त्यांनी मला बोलावलं तेव्हा मी टिंगल करायच्या तयारीने गेलो होतो. ॲल्युमिनियमचा दांडा फिरत होता आणि त्यावरून तो करड्या रंगाचा दगड सावकाश सरकत होता. पुढून बारीक कीस निघत होता, केसांसारखा. मशीन थांबवून त्यांनी मला दांडा दाखवला. त्यात मला माझं नाक आणि चष्मा दिसला. मी नखाने चाचपून पाहिलं. नखाला काहीच लागलं नाही.

"काय म्हनताय सर?"

"हळू आहे फार," मी म्हणालो. कौतुक करायची मला सवय नव्हती.

"हळूच असू द्या की. पोरांनी हळूच शिकावं."

या सगळ्यात त्यांचा एक नियम सर्वांत कडक होता. दगड चालू असताना पाणी सोडायचं नाही. लेथवर धातू कापताना टोक तापतं, म्हणून त्यावर तेल मिसळलेलं दुधासारखं पांढरं पाणी सोडतात. आम्ही त्याला कूलंट म्हणतो. नवीन पोराला आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो, कट सुरू की कूलंट सुरू. मास्तरांचा दगड मात्र कोरडा चालायचा. "चुलीतल्या तापल्या धोंड्यावर पानी सांडलं की काय व्हतंय, बायकांना इचारा सर. ताड्कन फुटतो. दगडाला तापल्यावर पानी दाखवायचं न्हाय." शिवाय त्यांना त्या पाण्याचाच राग होता. वापरून वास मारायला लागलेलं कूलंट आम्ही वर्कशॉपमागे ओतायचो, आणि तिथला कडुनिंब वाळून गेला होता. हे मास्तरांनी मला किमान दहा वेळा दाखवलं असेल. दगडाचं काम सुरू करण्याआधी ते कूलंटची नळी मागे वळवून ठेवायचे आणि लेथवर खडूने लिहायचे, "कोरडं".

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी मला सवलत द्यायला नको.

त्यांची मागणी एकच होती. पहिल्या वर्षाची पोरं ॲल्युमिनियमवरच हात बसवतात. त्यांच्यासाठी एक लेथ दगडाचा करून द्यावा. एकच. वर्षभर ते शिकवतील, नोंदी ठेवतील, आणि जमलं नाही तर पोती परत नेतील. अर्ज माझ्या टेबलावर दोन वर्षं होता. कोपऱ्यावर चहाचे गोल डाग पडले होते.

मग कॉलेज तपासायला बाहेरची समिती येणार असं कळलं. त्यांच्या कागदपत्रांत पर्यावरणपूरक उपक्रमांचा एक रकाना होता आणि आमच्याकडे त्या रकान्यात लिहायला झाडं लावल्याच्या फोटोंपलीकडे काही नव्हतं. मला अर्ज आठवला.

"मास्तर, समितीला दाखवू तुमचा दगड. त्यांना पटलं की लेथ तुमच्या नावावर."

ते खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "पाव्हन्यांसाठी न्हाय सर हे. पाव्हनं घाईत असत्यात."

"एक कट घ्यायचा. पाच मिनिटं."

"बरं. तुमी म्हनताय तर."

त्या दिवशी त्यांनी सिद्रामच्या बांधावरचा दगड लावला. त्यांचा सगळ्यांत लाडका. त्या एकाच गोट्याच्या दोन पाट्या निघाल्या होत्या, त्यातली एक. पाहुणे यायच्या वेळेला कट सुरू केला, म्हणजे ते आत आले की चालू काम दिसेल. पाहुणे प्राचार्यांच्या खोलीत पोह्यांवर अडकले. दांडा लांब होता, कट चालूच राहिला, दगड तापत गेला. मास्तर शांत होते. कोरडा आणि सलग चालला तर तो तापून काही होत नाही, हे त्यांना माहीत होतं.

शेवटी पाहुणे आले. दोघे होते. आमच्या स्टोअरमध्ये धड असे गॉगल एकाच माणसापुरते निघाले. दुसरे गृहस्थ तसेच मशीनजवळ वाकायला लागले तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांवरचा, नाडी बांधलेला गॉगल काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि त्यांना दिला. "घ्या सायेब. पाव्हन्याला आधी." आणि स्वतः उघड्या डोळ्यांनी टूलशी वाकून उभे राहिले.

पाहुण्यांनी पाहिलं. एकाने इंग्रजीत "इंटरेस्टिंग" म्हटलं. मग दुसऱ्याने, ज्यांना मास्तरांचा गॉगल दिला होता त्यांनी, माझ्याकडे वळून विचारलं, "कूलंट लावत नाही का तुम्ही लोक?"

तुम्ही लोक. मला कानशिलात बसल्यासारखं झालं. माझं वर्कशॉप, माझी तीस वर्षांची नोकरी, आणि हा माणूस मला पहिल्या वर्षाच्या पोराला विचारावं तसं विचारतो. उत्तर सोपं होतं. दगड कोरडा चालतो, एवढंच म्हणायचं. मास्तर ते म्हणायला मान वर करतच होते बहुतेक. पण माझा हात आधी गेला. पंपाचं बटण माझ्या बाजूला होतं, ते दाबलं. मागे वळवलेली नळी पुढे ओढली. जणू ती विसरून राहिली होती आणि प्रमुखांच्या लक्षात आली.

टच् असा आवाज झाला. काचेची बांगडी फुटते तसा, त्याहून मोठा नाही.

मास्तर डाव्या डोळ्यावर हात दाबून खाली बसले. ओरडले नाहीत. "अय्यो," एवढंच, हळू. बोटांच्या फटीतून आलेलं रक्तही फार नव्हतं. त्यांना रिक्षात घालून पाठवलं. मी सोबत गेलो नाही, पाहुणे होते. मशीनवर उरलेल्या अर्ध्या दगडावरून पांढरं पाणी थेंब थेंब गळत होतं. मी शिपायाला म्हणालो, "मशीन पुसून घे. कोरडं कर सगळं." पाहुण्यांना पुढचं वर्कशॉप दाखवायचं आहे म्हणून सांगतोय, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. शिपायाने चांगलं पुसलं. खडूने लिहिलेलं "कोरडं" तेवढं राहिलं.

पाहुणे काही बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीने कूलंट सोडणं हेच बरोबर होतं आणि दगड फुटणं हा दगडाचा स्वभाव होता.

चौकशीचा अहवाल मीच लिहिला. दगडी टूल चालू कामात आपोआप फुटलं. सदर टूल मान्यताप्राप्त नव्हतं. शिक्षकांनी अपघाताच्या वेळी गॉगल घातलेला नव्हता. यातलं पहिलं वाक्य खोटं. बाकीची दोन खरी, आणि त्या खऱ्यांनी खोट्याला सांभाळून घेतलं. गॉगल का नव्हता हे लिहायला नमुन्यात जागा नव्हती. मी केलीही नाही.

मास्तरांचा डावा डोळा गेला. कॉलेज त्यांना काढून टाकायला निघालं होतं. तिथे मात्र मी भांडलो. प्राचार्यांच्या खोलीत आवाज चढवून बोललो, माणुसकीचे दाखले दिले आणि त्यांना स्टोअरवर ठेवून घ्यायला लावलं. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. पुढच्या सोमवारी मास्तर पिशवी घेऊन घरी आले. कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. "तुमच्यामुळं ऱ्हायलो सर," म्हणाले. ती भाकरी आमच्या घरात सगळ्यांनी आवडीने खाल्ली. मीही खाल्ली.

स्टोअरमध्ये ते फळ्यांमध्ये बसून असायचे. लेथकडे यायचे नाहीत. मी सामान घ्यायला गेलो की मात्र विचारायचे. दर वेळी तेच, पण थोडं बदलून.

"सर, तुमी शेजारी हुता. आवाज कसा आला? आदी चिरका आला, का एकदमच?"

"एकदम."

"मग आतच खोट असनार. मी जिबेनं बघितलो. कानानं बघितलो. तरी फसलो बघा." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, "पोराच्या हातात असता तर?"

हा विचार त्यांना सोडत नव्हता. लेथ त्यांना पोरांसाठी हवा होता. त्यांचा हिशोब साधा होता. एवढा पारखून घेतलेला दगड आपोआप फुटतो, तर कुठल्याच दगडाचा भरवसा नाही. आणि आपण तो मुलांच्या डोळ्यांसमोर धरायला निघालो होतो. मी एक वाक्य बोललो असतो तर हा हिशोब तिथेच मिटला असता. मी ड्रिल बिट सही करून घेऊन जायचो.

अर्ज त्यांनी स्वतःच मागे घेतला. माझ्या टेबलावरून उचलला, घडी केली आणि खिशात घातला. "बरं झालं सर, तुमी लवकर सही न्हाय केली. लई मोटं पाप झालं असतं माझ्या हातनं."

ते निवृत्त झाले, पुढे मीही झालो. एका उन्हाळ्यात मी ठरवून मैंदर्गीला गेलो. सकाळची एसटी धरली, अक्कलकोटला उतरून दुसरी घेतली. वाटेत वाक्यं जुळवत होतो. कशी सुरुवात करायची, ते रागावले तर काय, ओरडले तर ऐकून घ्यायचं, सगळं ठरवलं होतं.

दारातच त्यांच्या पत्नी भेटल्या. "या की सर, या. मागं हाईत बघा. दगडं फोडत बसल्यात. तुमी तरी सांगा वो त्यान्ला कायतरी."

मागच्या अंगणात लिंबाच्या सावलीत मास्तर मांडी घालून बसले होते. पुढ्यात पोतं, मांडीजवळ हातोडा, भोवती दगडाच्या चिपांचा खच. मला वाटलं जुना कचरा असेल. मग ओळख पटली. घासून धार लावलेल्या कडा होत्या त्या. ते आपली टुलं फोडत होते.

"बसा सर. आला बघा तुमी, बरं झालं." त्यांनी एक पाटी हातोड्याने फोडली, तुकडा जिभेला लावला, उजव्या डोळ्याजवळ नेला. बराच वेळ बघितला. "ह्यात बी न्हाय."

"काय नाही?"

"खोट. त्यात व्हती ती कसली खोट, ते बघायलोय. एकात तरी गावंल की." त्यांनी तुकडा ढिगावर टाकला. "आजपातूर सगळी चांगलीच निघाली."

मी म्हणालो, "मास्तर, दगडात नसेलच खोट."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्याने बघायचं म्हणून त्यांना मान जरा जास्तच वळवावी लागायची. "मग कशात असंल?"

तेवढ्यात त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. मास्तर त्यांना म्हणाले, "हेच सर. ह्येनीच नोकरी राखली माजी. सगळं कालिज एकीकडं आन हे एकटे एकीकडं." त्या माझ्या पाया पडायला वाकल्या. मी पाय मागे घेतले. चहा सांडला थोडा.

"कधी कधी कारण सापडत नाही, मास्तर," मी म्हणालो.

"कारन असतंय सर. आपल्याला गावत न्हाय ते येगळं."

पोत्यातून त्यांनी शेवटी फडक्यात गुंडाळलेली एक पाटी काढली. मी ती लगेच ओळखली. सिद्रामच्या बांधावरची, फुटलेल्या दगडाची जुळी. करडी, मधून पांढरी शीर गेलेली. तिच्यावर धार तशीच होती. त्यांनी ती नखाने वाजवून माझ्या कानाशी धरली. अजून बोलत होती.

"ही तेवढी ठेवलोय. एकाच पोटातली हायती दोनी. हिच्यात दिसलं तर दिसलं." त्यांनी पाटी दगडावर ठेवली, हातोडा उचलला आणि थांबले. "हात हुईना बघा. तुमी सांगा सर. फोडू?"

मी इतक्या वर्षांत स्वतःला बऱ्याच गोष्टींसाठी कारणं दिली. कूलंट सोडलं ते हाताच्या सवयीने, मशीन पुसायला लावलं ते गडबडीत, अहवाल लिहिला तो कॉलेजसाठी. या क्षणासाठी मला कधी कारण सापडलं नाही. गडबड नव्हती, पाहुणे नव्हते. माझी नोकरी संपली होती. तो माणूस हातोडा वर धरून मला विचारत होता आणि अंगणात आम्ही दोघेच होतो, त्यांच्या पत्नी आत गेल्या होत्या.

मी म्हणालो, "बघा, तुमचं तुम्ही."

त्यांनी फोडली. दोन्ही तुकडे चाटून उन्हात धरले. दोन्हीकडून फिरवून फिरवून बघितले. आत काही नव्हतं. स्वच्छ होती, काचेसारखी. मास्तरांनी तुकडे खाली ठेवले आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "साकु." पुरे झालं, असं कानडीत.

जेवून जा म्हणाले. मी जेवलो. परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो आणि स्वतःला सांगितलं, पुढच्या वेळी नक्की.

पावसाळा संपता संपता त्यांच्या मुलाचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा त्यांना बसवलं होतं, लिंगायतांत बसवतात तसं, भिंतीला टेकून, कपाळाला ताजी विभूती लावून. खड्ड्यातही बसवूनच ठेवलं. जंगम पुरोहित मंत्र म्हणत होते. माणसं एकेक करून पुढे जाऊन बेलाचं पान आणि मूठभर माती टाकत होती. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो. तिथे हळू आवाजात बोलता आलं असतं. मागचा माणूस खोकला. मी पान टाकलं आणि बाजूला झालो.

त्यांच्या पत्नी मैंदर्गीतच असतात. हे छापून आलं की अंक घेऊन त्यांच्याकडे जायचं आणि समोर बसून वाचून दाखवायचं, असं ठरवलं आहे. माझ्या ठरवण्याची किंमत काय आहे ते वर आलंच. म्हणून जे त्या अंगणात बोलायचं होतं ते इथे लिहून ठेवतो.

मास्तर, हातोडा खाली ठेवा. दगडात खोट नव्हती आणि तुमच्या पारखण्यातही नव्हती. पोरांच्या हातात तो कोरडा चालला असता. नळी मी ओढली, पाणी मी सोडलं, आणि खोटंही मीच लिहिलं. मला माफ करा.